खडकदरीच्या सहलीची सोळा वर्षांची तयारी

सदाशिव सेलूकर आमच्या कंपनीच्या टाइम ऑफिसात होते. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी लोखंडी पाइप बनवायची. कोण किती वाजता आत आलं आणि किती वाजता बाहेर गेलं, हे सेलूकर लिहून ठेवायचे. मी स्टोअर सांभाळायचो. आमच्या टेबलांच्या मधे तारेची जाळी होती, आणि त्या जाळीतून मी या माणसाला नोकरीभर पाहिलं. नियोजन करावं तर सेलूकरांनीच. कुणाच्या मुलीचं लग्न असो की गेटवरचं झेंडावंदन, ते आधी कागदाला समास आखायचे, मग मुद्दे काढायचे, मग मुद्द्यांचे पोटमुद्दे. मुलगी नांदायला जाऊन तिला पहिलं मूल झालं तरी यांचे पोटमुद्दे संपलेले नसायचे.

१९७८ च्या जूनमध्ये मोठ्या साहेबांनी जाहीर केलं, की कामगारांची वर्षातून एक दिवस सहल निघावी. अजिंठा-वेरूळ सगळ्यांनी शाळेतच पाहिलेलं होतं. तेव्हा लोडिंगवरचा मुंजाबा बोलून गेला, "आमच्या गावाला चला की. दरीत धार पडती."

मुंजाबा धनगराचा. बाप मेंढरं राखायचा, हा पाइप उचलायचा. त्याचं गाव खडकदरी, फर्दापूरच्या अलीकडं डोंगरात. सेलूकरांनी त्याला टाइम ऑफिसात बोलावून घेतलं आणि नवी फाइल उघडली.

"धबधब्याची उंची किती, मुंजाबा?"

"लई उंच हाय सायब."

"लई म्हणजे किती फूट?"

"मोजाया कोन चढलंय?"

"अंदाजे सांग. शंभर?"

"आसंल."

सेलूकरांनी लिहिलं, 'उंची सुमारे शंभर फूट'. मग त्यांनी पाण्याचं तापमान विचारलं. मुंजाबानं माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टरात तोंड घातलं.

"गार आसतंय," तो म्हणाला. तेही लिहिलं गेलं.

पुढच्या महिनाभरात चार समित्या झाल्या. वाहतूक, भोजन, शिस्त आणि प्रथमोपचार. खरा घोळ भोजन समितीत झाला. मशीन शॉपमधला कडूबा हिवराळे त्या समितीत होता. लेथवर त्याच्याइतका साफ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बौद्धवाड्यातून शिकून आलेला, बोलायला सरळ. तो म्हणाला, "साहेब, एक मोठं पातेलं घेऊ. वरण-भात, वांग्याची भाजी. सगळे मिळून करू, सगळे मिळून खाऊ."

सेलूकरांनी टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं. "कल्पना उत्तम आहे, हिवराळे. पण पातेलं न्यायचं, चूल मांडायची, लाकडं पावसात भिजलेली. त्यापेक्षा ज्यानं त्यानं घरचा डबा आणावा. सोयीचं पडतं."

"कुणाच्या सोयीचं, साहेब?"

"सर्वांच्याच."

कडूबा हसला आणि उठून मशीनवर गेला. इतिवृत्तात लिहिलं गेलं की घरच्या डब्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. मीही त्या समितीत होतो आणि एकमतात माझंही मत होतं, हे इथं सांगून टाकलेलं बरं.

सहल ठरली रविवार, तीस जुलैला. सेलूकरांच्या पत्नी प्रमोदिनीवहिनींनी शनिवारीच तिखटमिठाच्या पुऱ्या करून ठेवायच्या, असं त्या फाइलमध्ये वेळेसकट लिहिलेलं होतं. पण गुरुवारी मुंबईला विधिमंडळात ठराव झाला, की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. शुक्रवारपासून मराठवाडा पेटला. एसटी बंद झाली, पूल उखडले, आणि गावोगाव दलित वस्त्यांना आगी लागायला लागल्या. सेलूकरांनी शनिवारी नोटीस बोर्डावर कागद लावला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'रस्ता खराब असल्याकारणाने सहल तूर्त पुढे ढकलण्यात येत आहे.'

कडूबा त्या दिवसापासून दिसला नाही. अकरा दिवसांनी आला तेव्हा दाढी वाढलेली आणि हातावर भाजल्याचा डाग. गावाकडं त्याच्या भावाचं घर जाळलं होतं. म्हातारीला खांद्यावर घालून तो शेतातून चालत सिल्लोडपर्यंत आला होता. सेलूकरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग रजिस्टर पुढं ओढलं, कारण अकरा दिवसांची गैरहजेरी कशात तरी बसवायला हवी होती. रकाने तीनच होते. आजारपण, वैयक्तिक कारण आणि विनापरवाना.

"विनापरवाना लिहिलं तर तुमच्यावर कारवाई होईल," सेलूकर हळू आवाजात म्हणाले. "मी वैयक्तिक लिहितो."

"घर जाळायला शंभर माणसं आली होती, साहेब," कडूबा म्हणाला. "वैयक्तिक कसं?"

सेलूकरांनी तिन्ही रकान्यांवरून पट्टी फिरवली. मग त्यांनी 'वैयक्तिक'च लिहिलं. कडूबा स्टोअरच्या खिडकीशी आला. मी त्याला नवे हातमोजे दिले. जुने अजून टिकतील असे होते, तरी दिले.

आता सेलूकरांचं म्हणणं काय होतं, म्हणजे नामांतराबद्दल? हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याची त्यांनी फार काळजी घेतली होती. सिडकोत त्यांच्या शेजारी तात्यासाहेब म्हणून वकील राहायचे. ते रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून नामांतराच्या विरोधात बोलायचे. सेलूकर त्यांना म्हणायचे, "तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे." सकाळी कंपनीत कडूबाच्या युनियनचं पत्रक हातात आलं की म्हणायचे, "याही मुद्द्याचा विचार व्हायला हवा." असा विचार ते पुढं सोळा वर्षं करत राहिले. मुलगा कॉलेजात गेला तेव्हा कुलसचिवांना अर्ज लिहायची वेळ आली. सेलूकरांनी पाकिटावर लिहिलं, 'विद्यापीठ, औरंगाबाद'. मी विचारलं, नाव नको का? तर म्हणाले, "पोस्टमनला कळतं."

सहल मात्र दर वर्षी निघायची. म्हणजे फाइल निघायची. पुढच्या वर्षी नागपूरहून मोर्चा निघाला, शहरात पोलीस आले, आणि रस्ता पुन्हा खराब झाला. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीत संप होता. एका वर्षी सगळं जमलं, ट्रकसुद्धा गेटवर येऊन उभा राहिला, आणि शिस्त समितीचे अध्यक्षच पिऊन आले. दोन वर्षं पाऊस नव्हता. मग वाळूजला नव्या कंपन्या आल्या, स्कूटरी बनायला लागल्या, आमच्या कंपनीनंही तिथं दुसरा कारखाना टाकला. ज्या शेतांत ज्वारी उभी असायची तिथं शेड उभ्या राहिल्या आणि त्या ज्वारीचे मालक आमच्याकडं सिक्युरिटीच्या टोप्या घालून उभे राहिले. मोठे साहेब म्हणाले, यंदा उत्पादनाचं लक्ष्य पूर्ण करू, धबधबा कुठं पळून जातोय? सेलूकरांनी त्याही वर्षी नोटीस लावली. एव्हाना त्यांच्या हाताला वळण पडलं होतं, त्यामुळं कारण म्हणून ते 'रस्ता खराब'च लिहून गेले.

फाइल मात्र जाड होत गेली. तिच्यात नकाशा आला, सापाच्या जातींची यादी आली, दोरखंडाची लांबी आली. धबधब्याची उंचीही वाढत गेली. दर दोन-तीन वर्षांनी नवी प्रत काढताना सेलूकर मागची शंभर फूट 'किमान' धरायचे. नव्वद साल उजाडेपर्यंत ती दोनशेवर गेली. नवीन भरती झालेली पोरं त्यांना धबधब्यातला तज्ज्ञ समजायची. कुणी लोणावळ्याला जाऊन आला की सेलूकर त्याला विचारायचे, "प्रवाह एकपदरी होता की बहुपदरी?" आणि तो बिचारा विषय बदलायचा.

१९९४ च्या जानेवारीत संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. कंपनीत कडूबानं पेढे वाटले. सेलूकरांनी पेढा घेतला, म्हणाले, "छान आहे." पेढा की दुसरं काही, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या हातून ती गोष्ट घडली. निवृत्ती जवळ आली होती, सहल काही निघायची लक्षणं नव्हती. तेव्हा एवढी माहिती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लेख दिला. तो छापून आला. 'दोनशे फुटांवरून कोसळणारा खडकदरीचा शुभ्र, बारमाही प्रपात' अशी सुरुवात होती. पाण्यात पाय सोडून बसल्यावर लेखकाच्या मनात काय काय विचार आले, हेही त्यात होतं. 'बारमाही' हा शब्द त्यांना कुठून सुचला कुणास ठाऊक. ऐकायला बरा वाटला असेल.

मार्च महिन्यात एका बँकेतले अकरा जण सहकुटुंब मॅटाडोर करून खडकदरीला गेले. सोमवारी त्यांतले तिघे आमच्या गेटवर हजर. उन्हानं चेहरे रापलेले, एकाच्या चपलेचा अंगठा तुटलेला.

"सेलूकर कोण?"

सेलूकर बाहेर आले. "मीच. लेख आवडला का?"

"कुठंय तुमचा प्रपात? नुसता काळा दगड आहे तिथं! बायकामुलांना घेऊन तीन मैल चाललो आम्ही."

"आपण ऋतू कोणता निवडला होता?"

"तुम्ही बारमाही लिहिलंय!"

शिफ्ट बदलायची वेळ होती. शंभर-दीडशे माणसं गेटवर थांबून ऐकायला लागली. सेलूकरांनी साक्षीला मुंजाबाला बोलावलं, ही त्यांची दुसरी चूक.

"मार्चात धार कशी आसंल, सायब?" मुंजाबा म्हणाला. "मार्चात तिथं आमची शेरडं झोपत्यात."

तेव्हा बँकेतल्या एका टकल्या गृहस्थानं अगदी शांतपणे विचारलं, "सेलूकर, तुम्ही स्वतः शेवटचे कधी गेला होता तिथं?"

सेलूकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तसा योग आला नाही," ते म्हणाले.

सगळं गेट हसलं. हसत-हसत माणसं शिफ्टला गेली. कडूबा तेवढा हसला नाही. त्यानं बँकेच्या लोकांना कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला. त्या दिवशी मी संध्याकाळी साडेपाचला निघालो, तर सेलूकरांनी माझी वेळ साडेतीन लिहिली.

जुलैअखेर ते निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. मोठे साहेब म्हणाले की सेलूकरांचं नियोजन कंपनी कधी विसरणार नाही. मागून कुणीतरी 'बारमाही!' असं ओरडलं.

ऑगस्टात एका शनिवारी कडूबा त्यांच्या सिडकोतल्या घरी पेढे घेऊन गेला. त्याच्या मुलीला बीएस्सीला प्रवेश मिळाला होता. प्रमोदिनीवहिनींनी चहा टाकला आणि ओट्याशी उभ्या राहून विचारलं, "हिवराळे, खडकदरीला कसं जायचं हो?"

"एसटीनं, वहिनी. फर्दापूरच्या गाडीत बसायचं, कंडक्टरला सांगितलं की फाट्यावर उतरवतो. पुढं पायी."

"पाणी असेल आता?"

"ऑगस्टात नसलं तर कधी असणार?"

"उद्या येता?"

"येतो की."

चहा उकळायच्या आत सहल ठरली. सेलूकर आतल्या खोलीतून घाईघाईनं बाहेर आले. "अगं, उद्या? उद्या कसं शक्य आहे? पूर्वतयारी..."

"अहो, सोळा वर्षं मी पुऱ्या तळतेय," वहिनी म्हणाल्या. "दर वर्षी सहल रद्द होते आणि त्या पुऱ्या आपण तीन दिवस घरात बसून खातो. मी उद्या जाणार. तुम्हाला सवडीनं यायचं असेल तर सवडीनं या."

कडूबा परत जाताना माझ्या दारात थांबला आणि म्हणाला, "उद्या सहाला स्टँडवर या." अशी मला त्या सहलीची नोटीस मिळाली.

सेलूकर आले. पावणेसहालाच आले होते. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, खांद्याला पाण्याची बाटली. वहिनी आणि मी पुढच्या बाकावर बसलो, मागं सेलूकर आणि कडूबा. फुलंब्रीला मोठं पागोटं बांधलेला एक म्हातारा चढला आणि त्यांच्या बाजूच्या, पलीकडच्या बाकावर तोंड इकडं करून बसला. थोडा वेळ त्यानं सेलूकरांना न्याहाळलं.

"शिकेल माणूस दिसता तुम्ही."

"आहे थोडंफार," सेलूकर म्हणाले.

"मंग एक सांगा. त्या इद्यापीठाचं नाव बदललं, ते बरं झालं का वाईट?"

मी मान वळवून पाहिलं. सेलूकर म्हाताऱ्याचं पागोटं बघत होते, मिशा बघत होते, गळ्यातला ताईत बघत होते. हा कोणत्या बाजूचा, ते त्यातून कळेना. कडूबा खिडकीबाहेर मक्याकडं पाहत होता. 'मुद्दा विचार करण्यासारखा आहे' हे वाक्य सेलूकरांच्या ओठावर आलेलं मला दिसलं. ते तिथंच अडकलं.

"बरं झालं," सेलूकर पुटपुटले.

"आं?" म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. गाडीचा आवाज फार होता.

"बरं झालं म्हणतो!" सेलूकर ओरडले, आणि नेमका त्याच क्षणी ड्रायव्हरनं ब्रेक दाबून गाडी थांबवली. सगळ्या गाडीत तो आवाज घुमला. कंडक्टरनं वळून पाहिलं. सेलूकरांचा चेहरा लाल झाला, पण आता माघार घ्यायला जागा नव्हती. "उशीर झाला," ते म्हणाले. "फार उशीर झाला. पण बरं झालं."

"मला नाय पटत," म्हातारा म्हणाला. त्यानं चंची काढली, तंबाखूला चुना लावून मळला आणि पुढच्या थांब्यावर 'रामराम' करून उतरून गेला.

सेलूकर दाराकडं बघत राहिले. एवढंच? त्यांच्या तोंडावर तेच लिहिलेलं होतं. सोळा वर्षं जे त्यांनी जपून ठेवलं होतं, ते बोलून टाकल्यावर एक म्हातारा सिल्लोडच्या अलीकडं उतरला, एवढंच झालं होतं. कडूबानं खिशातून भाजलेल्या शेंगांची पुडी काढून मधे ठेवली. दोघं सिल्लोड येईपर्यंत शेंगा फोडत बसले. टरफलं खिडकीबाहेर टाकू नयेत असं शिस्त समितीचं कलम होतं, ते सेलूकरांनी मोडलं.

खडकदरीत पोचलो तर मुंजाबा गावात नव्हता. रविवार असूनही त्याला ओव्हरटाइम लागला होता, तो चिकलठाण्यात पाइप उचलत होता. सहल येतेय हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. त्याची बायको राजाबाई दारात शेळीला पाला घालत होती. कडूबानं ओळख करून दिली तशी ती पदर सावरून सेलूकरांकडं निरखून पाहायला लागली.

"धारंचे सायब ते तुमीच व्हय? आमचे मालक लई सांगत्यात तुमचं."

काय सांगतात, हे सेलूकरांनी विचारलं नाही. राजाबाई अनवाणी पुढं झाली आणि आम्ही तिच्या मागं. चिखल, करवंदीच्या जाळ्या, मग एक उतार. उतार संपला तिथं राजाबाई थांबली.

"ही काय धार."

काळ्या कड्यावरून पाणी पडत होतं. गढूळ, भरपूर, आवाज करत. उंची म्हणाल तर आमच्या कंपनीच्या शेडएवढी. तीस फूट, फार तर पस्तीस.

"हीच?" सेलूकरांनी विचारलं.

"हीच. दुसरी नाय."

सेलूकर मान वर करून उभे राहिले. तोंडावर तुषार येत होते, चष्मा धूसर झाला, तरी त्यांनी तो पुसला नाही. वहिनी तोवर गुडघाभर पाण्यात पोचल्या होत्या. साडी वर खोचलेली, केस सुटलेले. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होतो, पण इतक्या मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, या ना! गार आहे!"

सेलूकर शेवाळ्यावर पाय ठेवताना वाकले, बुटांच्या नाड्या सोडाव्यात की नाही या विचारात क्षणभर थांबले, आणि तेवढ्यात सरकन घसरून कपड्याबुटांसकट डोहात बसले. छातीपर्यंत पाणी. कडूबा धावला. पण सेलूकरांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांना उठायचंच नव्हतं. धारेखाली डोकं धरून ते दहा-पंधरा मिनिटं तसेच बसून राहिले. मधेच काही बोललेही, पण पाण्याच्या आवाजात आम्हाला कळलं नाही, आणि आम्ही 'आं?' म्हटलं नाही.

दुपारी राजाबाईनं घरी नेऊन भाकरी आणि हुलग्याचं कढण वाढलं. एका ताटलीत भाकऱ्यांची चवड, एका पातेल्यात कढण, आम्ही भोवती बसलो. सेलूकर कुडकुडत होते. राजाबाईनं खुंटीवरचं मुंजाबाचं धोतर आणि बंडी काढून दिली. सेलूकर नेसून बाहेर आले, आणि वहिनींना उंबऱ्यावर बसावं लागलं, इतकं हसू आलं. धोतर जाडंभरडं, बंडी दोन माप मोठी, खिशाशी मेंढीच्या लोकरीचा वास. पँट-शर्टाचं ओलं गाठोडं त्यांनी काखेत मारलं.

परतीची गाडी फाट्यावर आली तेव्हा खचाखच भरलेली होती. आम्ही कसेबसे चढलो. एका बाकावर कोपऱ्यात थोडी जागा होती, शेजारी कोंबड्यांची पाटी घेऊन एक बाई बसली होती. सेलूकर तिथं टेकले. सगळ्या नोकरीत त्यांना कुणी 'साहेब' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. कंडक्टर तिकिटं फाडत आला, त्यानं धोतर पाहिलं, गाठोडं पाहिलं आणि सेलूकरांच्या खांद्यावर थाप मारली.

"ए बाबा, सरक की आत जरा. बाकीच्यांनी कुठं बसायचं?"

कडूबा काही बोलणार होता. त्याआधीच सेलूकर सरकले. आणि सरकून झाल्यावर, आणखी एकाला बसता येईल म्हणून, त्यांनी कोंबड्यांची पाटी आपल्या मांडीवर घेतली.